अलबेलातला ट्रंपेटवाला कोण?

संपादक साहेब,

परवा टीव्हीवर अलबेला सिनेमाची गाणी लागली होती. भगवानदादा नाचतायत, संगीतकार सी. रामचंद्र तर आपलेच, पण त्या गाण्यातला ट्रंपेट ऐकून नातवाने विचारलं हा वाजवतोय कोण, आणि घरात कुणालाच सांगता येईना, मग मीच सांगत बसलो. चिक चॉकलेट! खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म 1916 चा. मुंबईत ताजमध्ये याचा स्वतःचा बँड होता आणि अमेरिकेतला जॅझ ट्रंपेटवाला लुई आर्मस्ट्राँग, त्याच्या स्टाईलने वाजवायचा म्हणून लोक त्याला भारताचा आर्मस्ट्राँगच म्हणायचे. अण्णांनी, म्हणजे सी. रामचंद्रांनी, त्याला असिस्टंट म्हणून घेतलं आणि 1951 च्या अलबेलात एका गाण्यात तो त्याच्या बँडसकट चक्क पडद्यावरही दिसतो, नीट बघा.

तेव्हा या गोव्याच्या वादकांना नोटेशन, म्हणजे कागदावरचे सूर, लिहिता वाचता यायचं, लहानपणी चर्चच्या शाळेत शिकलेले ना. चाल संगीतकाराची, पण कुठलं वाद्य कुठे शिरणार, काय वाजवणार हे कागदावर उतरवायचं काम बऱ्याचदा हीच मंडळी करायची. सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाटीवर मात्र नुसतं असिस्टंट, तेही आलं तर आलं.

1967 मध्ये चिक गेला, पन्नाशीच्या आसपास. तुमच्या रविवार पुरवणीत गायकांवर पानंच्या पानं असतात, एखादा कॉलम या बँडवाल्यांवर पण येऊ द्या की राव.

– एक जुना वाचक, दादर