बेरीज शून्य, म्हणून परिणाम शून्य नव्हे

संपादक महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील चुंबकीय पदार्थांवरचा लेख आवडीने वाचला. प्रतिलोहचुंबकी, म्हणजे अँटिफेरोमॅग्नेटिक, पदार्थांत शेजारच्या अणूंची चुंबकत्वे एकमेकांविरुद्ध असतात आणि त्यांची बेरीज शून्य येते, इथपर्यंत तो बरोबर आहे. ‘त्यामुळे या पदार्थांत मॅग्नेटोस्ट्रिक्शन, म्हणजे चुंबकत्वामुळे होणारा आकारबदल, संभवत नाही’ हे पुढचे विधान मात्र चुकीचे आहे. पदवीची मुले ही पाने कापून जपून ठेवतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

जूल यांनी 1842 साली लोखंडात दाखवलेला हा बदल आपण रोज ऐकतो. रस्त्याकडेच्या डीपीची, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची, घरघर बहुतांशी त्याचीच असते. वीज 50 हर्ट्झची, पण ती घरघर मुख्यतः 100 हर्ट्झची, कारण चुंबकीय क्षेत्र उलटले तरी आतला पोलादी पत्रा आधीइतकाच आणि त्याच बाजूने ताणला जातो. म्हणजे या परिणामाला चुंबकत्व कोणत्या रेषेत आहे एवढेच कळते, त्या रेषेवर ते पुढे तोंड करून आहे की मागे, हे कळत नाही. मग एकाच रेषेतील दोन विरुद्ध चुंबकत्वांचे परिणाम एकमेकांना खोडतील कसे? त्यांची भरच पडते.

याखेरीज दुसरे कारण आहे. अणूंमधील विनिमय-बल, म्हणजे त्यांची चुंबकत्वे समांतर किंवा उलट ठेवणारा परस्परप्रभाव, त्यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. मँगनीज ऑक्साइड सुमारे 118 केल्व्हिनच्या खाली गेले की मँगनीज अणूंचे थर तयार होतात : एका थरात सर्व चुंबकत्वे समांतर, शेजारच्या थरात उलट. उलट चुंबकत्वाच्या जोड्यांना जवळ येण्यात ऊर्जेचा लाभ असतो, तर समांतर जोड्यांना दूर सरण्यात. त्यामुळे थर एकमेकांकडे ओढले जातात आणि घनाकृती स्फटिक आपल्या कर्णाच्या दिशेने दबतो. बाहेरून कोणतेही चुंबकीय क्षेत्र लावलेले नसताना हे घडते!

कोबाल्ट ऑक्साइडमध्ये हे संक्रमण सुमारे 18 अंश सेल्सिअसला होते. आमच्या नाशकात थंडीतल्या पहाटे प्रयोगशाळेच्या कपाटातील बाटलीत ते आपोआप घडत असते. कोबाल्टमधील इलेक्ट्रॉनांची कक्षीय गती पूर्णपणे दबलेली नसल्यामुळे त्यांच्या चुंबकत्वाची स्फटिकातील अणूंच्या जाळीशी घट्ट सांगड असते, आणि तापमान खूप उतरल्यावर स्फटिकाच्या बाजूंमधला फरक सुमारे 1 टक्क्यावर जातो. लोखंडातील बदल दहा लाखांत दहा-वीस भागांचा, हे येथे ध्यानात घ्यावे.

असे असूनही ठोकळा बाहेरून फारसा बदललेला दिसत नाही, कारण त्याच्या निरनिराळ्या क्षेत्रखंडांत, म्हणजे चुंबकत्वांची आपापली एकसारखी मांडणी असलेल्या लहान भागांत, दबण्याची दिशा निरनिराळी असते. पुरेसे प्रबळ क्षेत्र लावले की चुंबकत्वे क्षेत्राला काटकोनात राहणे पसंत करतात, त्याला सोयीचे खंड वाढतात आणि अख्ख्या ठोकळ्याची लांबी बदलते.

काही स्फटिकांची सममिती तर अशी असते की आकारबदल क्षेत्राच्या सम प्रमाणात होतो आणि क्षेत्र उलटताच ताणाचे आकुंचन होते. कोबाल्ट फ्लोराइड हे याचे जुने उदाहरण. तारापूरच्या अणुभट्ट्यांत इंधन म्हणून जाणारा युरेनियम डायऑक्साइड सुमारे 31 केल्व्हिनच्या खाली असाच वागतो, हे 2017 साली प्रसिद्ध झाले. पुढील अंकात दुरुस्ती द्यावी, ही विनंती.

आपली,
भौतिकशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, नाशिक