एल्गारची पहिली सिम्फनी : कुठलं रेकॉर्डिंग ऐकावं?

चि. सायली हिस,
अनेक आशीर्वाद.

एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या पहिल्या सिम्फनीची ढीगभर रेकॉर्डिंग दिसतात, त्यातलं कुठलं ऐकू, असं तू विचारलंस. एकच नाव हवं असेल तर कंडक्टर सर एड्रियन बोल्ट, लंडन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, १९७६. पण ते का, आणि त्याच्या शेजारी दुसरं काय ठेवून पाहायचं, हे कळल्याशिवाय नुसत्या नावाचा उपयोग नाही. म्हणून पत्र जरा लांबेल.

ही सिम्फनी तू राहतेस त्या मँचेस्टरचीच. ३ डिसेंबर १९०८ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये हॅले ऑर्केस्ट्राने ती पहिल्यांदा वाजवली. कंडक्टर होता हान्स रिश्टर, आणि अर्पणही त्यालाच आहे. पीटर स्ट्रीटवरच्या त्या वास्तूचं आता हॉटेल झालंय. चारच दिवसांनी ती लंडनला वाजली, आणि पुढच्या साधारण वर्षभरात जगभर मिळून तिचे शंभरेक कार्यक्रम झाले. त्या काळी नव्या इंग्रजी सिम्फनीच्या वाट्याला असलं काही येत नसे.

आता रचना. टिंपनीच्या, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांच्या, अगदी हलक्या घुमण्यातून एक धून निघते. खाली चेलो आणि डबल बास पावलं टाकल्यासारखे एकेक स्वर तोडून वाजवतात, वर लाकडी फुंकवाद्यं आणि व्हायोला ती धून शांतपणे म्हणतात. मग सगळा ऑर्केस्ट्रा तीच धून मोठ्याने म्हणतो, पुन्हा हलका होतो, आणि अचानक वेगळ्याच स्वरात, डी मायनरमध्ये, खवळलेला अलेग्रो, म्हणजे जलद भाग, सुरू होतो. सिम्फनीचा मूळ स्वर ए फ्लॅट. त्याला षड्ज मान, म्हणजे डी हा तीव्र मध्यम. पंचमाची सोयरीक सोडून एल्गार मुद्दाम सगळ्यांत परक्या स्वराकडे गेलाय. पुढची पाऊणएक तासाची सिम्फनी म्हणजे त्या पहिल्या धुनेला घरी परत आणण्याची खटपट. ती मध्येमध्ये डोकावते, हरवते आणि अखेरच्या पानांवर पूर्ण रूपात येते. माझी फूटपट्टी एकच : सुरुवातीला धून कशी मांडली, आणि शेवटी तिला पोहोचायला जागा उरली का?

एल्गारने त्या धुनेवर दोन शब्द लिहिलेत, ‘नोबिल्मेंते ए सेंप्लिचे’. उदात्तपणे आणि साधेपणाने. पुष्कळ कंडक्टर पहिला शब्द वाचतात आणि दुसरा विसरतात. लय ओढली, प्रत्येक स्वराला वजन दिलं की धून राज्याभिषेकाच्या मिरवणुकीसारखी वाटायला लागते. पहिल्या तीन मिनिटांतच राजा सिंहासनावर बसला, तर शेवटी कोणाला बसवणार? खालच्या चेलो-बासकडे लक्ष दे. ती पावलं चालत असतील तर लय बरोबर. पाय ओढत असतील तर ते रेकॉर्डिंग तिथेच घसरलं असं समज.

तुलनेला बसण्याआधी थोडी तयारी कर. फोनमधली ‘आवाज समान ठेवा’ आणि ‘गाणी एकमेकांत मिसळा’ या दोन्ही सोयी बंद ठेव. सिम्फनीच्या चार भागांपैकी, म्हणजे मूव्हमेंटपैकी, दुसरी न थांबता तिसरीत जाते. धावतं संगीत हळूहळू मंदावतं, एफ शार्पचा एक स्वर तेवढा लांबत राहतो, आणि त्याच स्वराखाली डी मेजर येऊन बसतो. सिम्फनीतली ही सर्वांत सुंदर जागा. दोन ट्रॅकमध्ये ॲपने अर्ध्या सेकंदाचं अंतर टाकलं तर ती मेलीच. तसं झालं तर दोष ॲपचा, कंडक्टरला बोल लावू नकोस.

आवाजाची पातळी शेवटच्या मूव्हमेंटच्या अखेरच्या दोन मिनिटांवर लाव आणि मग बटणाला हात लावू नकोस. सुरुवात फार हलकी असते म्हणून लोक आवाज वाढवतात, आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा आला की दचकून कमी करतात. झालं, हळू-मोठ्याची सगळी मांडणी गेली. शिवाय दोन रेकॉर्डिंगपैकी जे किंचित मोठं वाजतं ते आपल्याला उगाचच चांगलं वाटतं. तेव्हा दोन्हींची पातळी कानाने जुळवून घे.

आणि लगेच तुलना करू नकोस. एक रेकॉर्डिंग निवडून आधी दोन-तीनदा सलग ऐक. नंतर प्रत्येकातल्या चारच जागा ऐकल्यास तरी पुरे : सुरुवातीपासून अलेग्रो लागेपर्यंत, दुसरीतून तिसरीत जाण्याची जागा, चौथीची संथ सुरुवात आणि अखेरची दोन मिनिटं. स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतो, समोर असू दे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये एक गंमत आहे. दुसरीच्या सुरुवातीला व्हायोलिन ज्या धावत्या स्वरावली वाजवतात, त्याच स्वरांना संथ करून एल्गारने तिसरीतला अदाज्जो, म्हणजे संथ भाग, रचलाय. ऐकताना पत्ता लागत नाही, स्कोअर पाहिला की कळतं. म्हणून दुसरी मूव्हमेंट स्वच्छ वाजायला हवी. वेगाच्या नादात स्वर एकमेकांवर सांडले, तर तिसरीत तेच स्वर पुन्हा भेटल्याचं सुख मनाच्या तळाशीसुद्धा पोहोचत नाही.

चौथीच्या सुरुवातीची खूण थोडी तांत्रिक आहे. काही जागी एल्गारने तंतुवाद्यांच्या फक्त शेवटच्या डेस्कवरच्या वादकांना धून दिलीय. मागच्या बाकावरची मुलं एरवी कोणाच्या लक्षात नसतात, इथे त्यांनीच गायचं. धून दुरून, आठवणीतून आल्यासारखी वाटावी, हा हेतू. मायक्रोफोन वाद्यांच्या फार जवळ लावलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे अंतर पुसलं जातं आणि धून नुसती हलक्या आवाजात वाजते. हलकं आणि दूर यांतला फरक हेडफोनवर चांगला कळतो.

वाद्यं कुठून वाजतात ते कळावं, त्याच कारणासाठी बोल्ट. तो जन्मभर पहिली व्हायोलिन डावीकडे आणि दुसरी उजवीकडे बसवत आला. एल्गारच्या काळची हीच पद्धत, आणि एल्गारने लिहिलंयही तसंच : एकाने बोलावं, समोरून दुसऱ्याने उत्तर द्यावं. सगळी व्हायोलिन एकाच बाजूला बसवली की हा संवाद एका तोंडून ऐकल्यासारखा होतो. (हेडफोन उलटे घातले नाहीत ना, तेवढं पाहा.) १९७६ साली बोल्ट ८७ वर्षांचा होता, पण लयीत कुठेही म्हातारपण नाही. धून चालती ठेवतो, पितळी वाद्यांना आवरून धरतो आणि शेवटाला सोडतो. त्याच वर्षीच्या जुलैत लंडनच्या प्रॉम्स या संगीत महोत्सवात बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं त्याचं थेट रेकॉर्डिंगही मिळतं. ते जास्त तापलेलं आहे, सफाई कमी.

दुसरं सोल्टी या कंडक्टरचं, लंडन फिलहार्मोनिक, १९७२, डेक्का कंपनीचं. एल्गारने स्वतः केलेलं रेकॉर्डिंग त्याने आधी अभ्यासलं होतं आणि ते त्याच्या लयीत दिसतं. अलेग्रो खरोखर धोकादायक वाटतो. मात्र पितळी वाद्यं कधीकधी कानात घुसतात. रेकॉर्डिंग लंडनच्या किंग्सवे हॉलमधलं आहे. त्या हॉलखालून भुयारी रेल्वे जायची, तेव्हा तिथल्या रेकॉर्डिंगमध्ये एखाद्या शांत जागी खोल गडगड ऐकू आली तर हेडफोन बिघडले असं समजू नकोस.

बार्बिरोली, फिलहार्मोनिया, १९६२. माझ्या फूटपट्टीवर हा नापास व्हायला हवा; पहिली धून तो बरीच संथ धरतो. पण अदाज्जोतली तंतुवाद्यं अशी दुसरीकडे कुठे ऐकायला मिळत नाहीत. प्रत्येक ओळ जणू गाण्याचं शिक्षण घेऊन आलेली. तेवढ्यासाठी ते ठेवच. जुलै १९७० मध्ये किंग्ज लिनला हॅलेबरोबर केलेलं त्याचं थेट रेकॉर्डिंगही आहे, मृत्यूच्या पाचच दिवस आधीचं. ते मात्र पहिल्यांदा ऐकायचं नव्हे.

कॉलिन डेव्हिसचं लंडन सिम्फनीबरोबरचं आणि सिनोपोलीचं फिलहार्मोनियाबरोबरचं, ही दोन्ही पंचावन्न मिनिटांच्या आसपास जातात. डेव्हिसच्या संथपणात बांधणी टिकते. सिनोपोली जागोजागी थांबून देखावे दाखवतो. विलंबित म्हणजे नुसतं हळू नव्हे, हे तुला वेगळं सांगायला नको. बारेनबॉइमचं बर्लिनच्या श्टाट्सकापेलेबरोबरचं आवर्जून ऐक. जर्मन ऑर्केस्ट्राच्या हाती ही सिम्फनी ब्राम्सच्या घरातली वाटायला लागते, आणि ते काही खोटं नाही. मार्क एल्डरचं हॅलेबरोबरचं, ऑर्केस्ट्राच्या स्वतःच्या लेबलवर आहे. गावचा ऑर्केस्ट्रा म्हणून तरी ऐकशीलच.

एल्गारचं स्वतःचं रेकॉर्डिंग, लंडन सिम्फनी, नोव्हेंबर १९३०, मी मुद्दाम मागे ठेवलं. आधी ऐकलंस तर खरखर तेवढी ऐकू येईल. सुमारे ४६ मिनिटांत तो सगळं उरकतो, इतरांपेक्षा कितीतरी लवकर. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावत, म्हणून त्याला घाई करावी लागली, असं पुष्कळजण म्हणतात. मला ते तितकं पटत नाही. तबकडी संपायला आल्याची घाई बाजूच्या शेवटी जाणवायला हवी, इथे लय सुरुवातीपासूनच चपळ आहे. आणि ती सरळही नाही, एकाच ओळीत तो पुढे सरतो, मागे रेलतो. व्हायोलिनवादक एका स्वरावरून दुसऱ्यावर उघडपणे मींड घेत जातात. नंतरच्या पिढ्यांनी हे पुसून टाकलं. त्यात सुरुवातीची धून ऐक : इतकी साधी की पहिल्यांदा निराशाच होते. खरखर पूर्ण काढून टाकलेली आवृत्ती घेऊ नकोस, तिच्याबरोबर व्हायोलिनचा वरचा झळाळही जातो. थोडी खरखर राहू दिलेली बरी. पाच मिनिटांत कान तिला विसरतो.

राहिली अखेरची दोन मिनिटं. त्याआधी, चौथीच्या मध्यावर, सुरुवातीची खडखडीत कूच दोन हार्पच्या साथीने एकदम गाती होते. तिथे कंडक्टर वितळला तर पुढची चढण त्याला जड जाते. शेवटी मूळ धून येते, पण निवांत नाही. तिच्याभोवती बाकीची वाद्यं ठोक्याच्या अध्येमध्ये फटकारे मारत राहतात, जणू डी मायनर अजून हार मानायला तयार नाही. पितळी वाद्यं बेताल मोठी झाली तर हे फटकारे बुडतात आणि उरतो नुसता जयघोष. बोल्टमध्ये फटकारे ऐकू येतात, सोल्टीत टोचतात, एल्गारच्या १९३०च्या धुरकट आवाजातही ओळखता येतात. आधी या तिघांची एवढीच जागा लागोपाठ ऐक, आणि मला कळव, कोणाकडे धून जिंकल्यासारखी वाटते आणि कोणाकडे फक्त वाचल्यासारखी.

तुझी,
आई

ता. क. १९३०चं ऐकशील ते हेडफोनवर नको, स्पीकरवर ऐक. आवाज मोनो आहे, म्हणजे डाव्या-उजव्या कानाला एकच. हेडफोनवर तो डोक्याच्या मधोमध अडकून बसतो.