शार्त्रचे मनोरे उलटे छापले

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच चित्रकार कोरोचं शार्त्र कॅथीड्रलचं (फ्रान्समधल्या शार्त्र गावच्या मोठ्या चर्चचं) चित्र छापलंत, पण आरशात पाहावं तसं उलटं! दर्शनी बाजूने पाहताना उजवीकडे बाराव्या शतकातला साधा, सुमारे १०५ मीटरचा मनोरा असतो आणि डावीकडे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला झां द बोस या वास्तुकाराने चढवलेला नक्षीदार, अधिक उंच कळस. हे दोन मनोरे जुळे नाहीत, त्यामुळे अदलाबदल झाली की लगेच कळते. पानाच्या मांडणीसाठी चित्र फिरवावं लागत असेल, तर ते छापूच नये.

सोबतच्या लेखात तांब्याच्या हिरव्या छपराचं कौतुक आहे. पण चित्र १८३० चं. लाकडी सांगाड्यावरचं जुनं छप्पर १८३६ च्या आगीत गेलं, तांबं आलं त्यानंतर. कोरोला ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणणंही चूक. त्या चित्रकारांच्या गटाचं पहिलं प्रदर्शन १८७४ चं.

सर्वांत वाईट झाले ते रंग. या चित्राचा जीव करड्या आणि मातकट छटांमधल्या बारीक फरकात आहे: पुढचा मातीचा उंचवटा, दगड, बसकी घरं आणि मागे उजळलेली भिंत. न्यूजप्रिंट मुळातच पिवळट, शिवाय शाई शोषतो. छपाईचे शाईचे ठिपके पसरून मधल्या छटा गडद होतात, म्हणून त्या आधीच हलक्या कराव्या लागतात. छपाईच्या चारही शायांच्या (निळी, किरमिजी, पिवळी, काळी) एकाच जागी पडणाऱ्या प्रमाणांची बेरीज २४० टक्क्यांच्या आत ठेवावी आणि करडा रंग मुख्यतः काळ्या शाईतून काढावा. तीन रंगांतून काढला तर रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर अचूक बसणं) जरा हललं, की कळसांच्या कडांना गुलाबी-हिरवी किनार येते. पुरवणीत तशी आलीच आहे. त्यावर कोणीतरी रंग भडक केले, त्यात आकाश निळंशार आणि माती नारिंगी झाली. छपाईपूर्वी चित्र एकदा कृष्णधवल करून पाहावं. भिंत आणि आकाश तिथे वेगळे दिसले, तर छटा ठीक आहेत.

मथळ्यासाठी खालचा भागही कापलात. तिथे बसलेली आकृती कोरोने १८७२ मध्ये, म्हणजे ४२ वर्षांनी, मुद्दाम घातली होती. जेमतेम ६५ सेंटिमीटर उंचीच्या चित्रातून ती उडवायचा अधिकार कोणाला? चित्र पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे, एवढंही खाली दिलेलं नाही.

आपल्याकडे चुकांचे खुलासे आतल्या पानावर, जाहिरातींखाली, भिंग घेऊन वाचावे लागतात. हा तसा नको. येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात, चित्र सुलट आणि पूर्ण छापावं.

– एक कलाशिक्षक, कोल्हापूर