मुक्ताच्या कोटाबद्दल

विनिपेग, कॅनडा
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय बंड्या,

फोटो मिळाला. लक्ष्मी रोडवरच्या दुकानातलं ते निळं जाकीट, कॉलरला लोंबणारी '-३०' ची चिठ्ठी आणि खाली, जानेवारीत इकडे युनिव्हर्सिटीत शिकायला येणाऱ्या मुक्तासाठी, तुझा प्रश्न: 'घेऊ का? साडेसहा सांगतोय, पाचला देईल.' फोनवर उत्तर टाइप करायला बसलो, पण चार ओळींत मावेना. म्हणून पत्र. पहिलं वाक्य आत्ता वाच, उरलेलं चहा घेऊन सावकाश. घेऊ नकोस. घासाघीससुद्धा करू नकोस, कारण तो चारला तयार झाला तर तुला नाही म्हणवणार नाही. मी ओळखतो तुला.

दुकानदार लबाड आहे असं मी म्हणत नाही. त्यानं उणे तीस कधी पाहिलेलं नाही, एवढंच. त्या चिठ्ठीवरचा आकडा ज्यानं त्यानं आपापल्या हिशोबानं छापलेला असतो. एकाचं उणे तीस दुसऱ्याच्या उणे तीसशी ताडून बघता येत नाही. उभं राहायचंय की चालायचंय, आत काय घातलंय, वारा किती आहे, यातलं काहीच त्या चिठ्ठीला ठाऊक नसतं.

मीही असंच एक जाकीट घेऊन इथं उतरलो होतो, २००३ च्या डिसेंबरात. तुला आठवत असेल, ते घेताना तूच होतास बरोबर. दुकानात घालून बघितलं आणि दोन मिनिटांत घाम फुटला, तेव्हा आपल्याला वाटलं, वा, काय उबदार आहे! अरे, पुण्यात घाम फुटायला जाकीट कशाला लागतं? इथं तिसऱ्या आठवड्यात, पेंबिना हायवेवरच्या बसस्टॉपवर, त्याच्या चेनची प्लास्टिकची जीभ काडकन तुटली. चेन छातीपाशी अडकली, ना वर ना खाली. मी हातमोजे काढून नखांनी ओढायला लागलो. बस आली तेव्हा उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मेणबत्तीसारखी पांढरी झाली होती आणि काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. बसमध्ये ऊब लागल्यावर जी आग सुरू झाली, तिला शब्द नाहीत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी माझे दोन्ही हात आपल्या तळव्यांत धरले आणि चोळू दिले नाहीत. चोळायचं नसतं, हे मला तेव्हा कळलं.

तर कोट बघताना मी सगळ्यात आधी चेन बघतो. लोक हसतात, हसू देत. दात जाड हवेत आणि जीभ एवढी मोठी हवी की जाड मोजे घालून पकडता यावी. दुकानात मोजे घेऊनच जायचं आणि ते घालून चेन तीनदा वरखाली करायची. शिवाय ती दुतर्फी हवी, म्हणजे खालूनही उघडणारी. गुडघ्यापर्यंतचा कोट घालून बसच्या सीटवर बसून बघ, मग कळेल का ते. चेनवरून कापडाची पट्टी येऊन बटणांनी बंद होणारी हवी, नाहीतर वारा चेनच्या दातांतून सुईसारखा शिरतो.

आता कोटात भरलेल्या मालाबद्दल, म्हणजे डाऊनबद्दल. डाऊन म्हणजे पिसं, असं आपण म्हणतो, पण ती नेहमीची पिसं नव्हेत. पिसाला कणा असतो, याला नसतो. हंसाच्या किंवा बदकाच्या छातीवर, वरच्या पिसांच्या खाली जी लव असते ती ही. हातावर घेतलीस तर म्हातारीचा कापूस घेतल्यासारखं वाटेल, आणि फुंकर मारलीस तर गेली. ऊब त्या लवेत नसते, तिच्या तंतूंत अडकून राहिलेल्या हवेत असते. आपल्या गल्लीत तो पिंजारी यायचा, आठवतो? धनुकलीचा टणत्कार करत जुन्या गादीचा कापूस पिंजायचा आणि अंगणात केवढा ढीग व्हायचा. वजन तेवढंच, कापूस तोच, फक्त आत हवा शिरली. आणि त्या रात्री गादीवर झोपायला काय मजा यायची! सगळं गणित तेवढंच आहे.

लेबलवर ६००, ७००, ८०० असा आकडा असतो, त्याला फिल पॉवर म्हणतात. एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम लव फुलून किती घन इंच जागा व्यापते, ते तो सांगतो. ६०० म्हणजे जवळजवळ दहा लिटर. मूठभर चिवड्याच्या वजनाची लव आणि आंघोळीची लहान बादली भरते, विचार कर. ८०० असेल तर तेरा लिटर. आकडा मोठा, तितका माल उंची आणि कोट हलका.

पण गोम इथंच आहे. कोटात लव *किती* भरलीय ते हा आकडा सांगत नाही. बासमती कितीही जुना असला तरी मूठभर शिजवून पंगत उठत नाही. ८०० च्या लवेचं शंभर ग्रॅमचं पातळ जाकीट ऑक्टोबरात मिरवायला छान. जानेवारीत मला विचारशील तर ६०० च्या लवेचा, पण तीनशे ग्रॅम भरलेला कोट मी डोळे झाकून घेईन. पुष्कळ कंपन्या हे वजन लिहीतच नाहीत. मग हातानं बघायचं. पाठीवरचा एक खण मुठीत दाबायचा आणि सोडायचा. चांगला माल हात काढता काढता वर येतो. खांद्यावर दाबून बघ, टोपीत दाबून बघ, कारण कंजूसपणा करायचा असला की तो तिथंच करतात. आत टोचणारे कणे लागले तर समज की पिसं जास्त, लव कमी. लेबलवर ८०/२० सारखं प्रमाण लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा लवेचा.

शिवणही बघायची. वरचं आणि आतलं कापड एकमेकांना सरळ शिवलेलं असेल तर टाक्याच्या रेषेवर लव नसतेच, आणि थंडी त्या रेषांवरून आत येते. चांगल्या जाड कोटात खणांना मध्ये कापडाच्या उभ्या भिंती असतात, किंवा टाके झाकणारं आणखी एक कापड वरून असतं.

माप घट्ट नको. वहिनींना हे पटणार नाही, त्यांना वाटेल पोरगी पोत्यात घातलीय. पण आत स्वेटर जायला हवा, आणि लवेला फुलायला जागा हवी. आवळून घातली की हवा गेली आणि ऊबही गेली. लांबी मांडीच्या निम्म्यापर्यंत तरी हवीच, गुडघ्यापर्यंत असेल तर उत्तम. मनगटाला आतून विणलेली पट्टी हवी. आत छातीपाशी एक खिसा हवा, मोबाइल तिथं ठेवायचा. बाहेरच्या खिशात ठेवला तर या थंडीत बॅटरी बघता बघता मान टाकते.

आणि टोपी! लहान बाळाची कुंची असते ना, तशी चेहऱ्याभोवती गोल बसणारी, कपाळाच्या पुढे चार बोटं येणारी. तिच्या कडेला जी फर असते ती मला सुरुवातीला निव्वळ नखरा वाटायची. मग एका सकाळी समोरून येणाऱ्या वाऱ्यात चालत गेलो. फर वारा मोडते आणि तोंडासमोर स्थिर हवेचा एक खळगा तयार होतो, आपण आपल्याच श्वासाच्या उबेत चालतो. इकडच्या उत्तरेतले इन्यूइट लोक हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यांचे कॅरिबू नावाच्या हरणाच्या कातड्याचे कोट दोन थरांचे, आतल्याची केसाळ बाजू अंगाकडे आणि बाहेरच्याची बाहेर. टोपीच्या कडेला वुल्व्हरिन नावाच्या रानटी प्राण्याची फर लावतात, कारण तिच्यावर श्वासाचं दहिवर धरलं तरी ते सहज झटकता येतं. आपण आज दुकानात शोधतो ती सगळी युक्ती त्यांचीच.

बंड्या, तू पाषाण रोडचा माणूस, म्हणून एक गोष्ट खास तुझ्यासाठी. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. बाकीचे सभ्य इंग्रज लोकरीचे कोट आणि ट्वीड घालून निघाले. या गड्यानं बलूनच्या कापडात आयडर बदकाची लव भरून स्वतःसाठी कोट बनवून घेतला. सगळे हसले. वर वारा सुटला तसे हसायचे थांबले. त्या मे महिन्यात फिंच आणि जेफ्री ब्रूस प्राणवायू लावून ८,३०० मीटरच्या वर गेले, तोवर इतक्या उंचीवर कुणीच चढलं नव्हतं. आता खरी गंमत. हाच फिंच पुढे १९५२ मध्ये पुण्यात आला आणि पाच वर्षं आपल्या एनसीएलचा, म्हणजे पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा, संचालक होता! ज्या कंपाउंडावरून आपण चिंचा पाडायला उड्या मारायचो, त्याच कंपाउंडात. लवेच्या कोटाचा एक आद्यपुरुष पाषाणला राहून गेला आणि आपण दोघं तिथून दोन मैलांवर रेक्झिनचं जाकीट निवडत होतो.

वहिनींनी विचारलंय, पक्षी मारतात का? त्या माळकरी, त्यांनी विचारणारच, आणि मी गुळमुळीत उत्तर देणार नाही. ही लव बहुतेक करून मांसासाठी मारलेल्या पक्ष्यांचीच असते. काही ठिकाणी जिवंत पक्ष्याची उपटतात, ते तर फारच वाईट. २०१४ पासून आर.डी.एस. (रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड) नावाचं एक प्रमाणपत्र आहे, त्यात जिवंतपणी उपटलेली लव चालत नाही. पण मारणं त्यातही आहेच. हे मुक्ताला स्पष्ट सांगा आणि तिला ठरवू दे. नको म्हणाली तर कृत्रिम धाग्याचे जाड कोटही मिळतात. थोडे जड आणि दाबून दाबून काही वर्षांत बसके होणारे, पण थंडीत उपाशी ठेवत नाहीत. उलट ओले झाले तरी ते ऊब धरतात. लव ओली झाली की तिचा लगदा होतो. व्हँकुव्हरला जाणार असती तर मीच कृत्रिम घे म्हटलं असतं, तिकडे हिवाळाभर पाऊस. आमच्याकडचा बर्फ कोरडा, पिठीसारखा, झटकला की गेला.

तू म्हणशील, एवढं काय थंडीचं कौतुक. उणे पंचवीसला ताशी तीस किलोमीटरचा वारा असला की अंगाला उणे एकोणचाळीस लागतं, आणि उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. दाराबाहेर पहिला श्वास घेतला की नाकातले केस कडक होतात. घाबरवत नाही रे. युनिव्हर्सिटीच्या बऱ्याच इमारती भुयारांनी जोडलेल्या आहेत, वर्गातून वर्गात जाताना ती बाहेर पडणारसुद्धा नाही. प्रश्न फक्त बसस्टॉपचा.

पैशाचं म्हणशील तर तीन-चारशे डॉलरमध्ये चांगला कोट येतो. नाव मिरवायचं असेल तर हजाराच्या पुढे मोजावे लागतात. ते कोट वाईट नाहीत, पण त्यातले बरेचसे पैसे दंडावरच्या बिल्ल्याचे. माझा २००९ चा आहे, सेलमध्ये घेतलेला, डावी बाही विरलीय. वर्षातून एकदा धुतो: समोरून उघडणारं मशीन, लवेसाठीचा वेगळा साबण, आणि मग ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन टेनिस बॉल टाकून तीन तास. धडधड धडधड आवाज करत ते बॉल गुठळ्या फोडतात. आमचा पिंजारी तो. पहिल्या तासाला ओल्या खुराड्यासारखा वास येतो, बायको खिडकी उघडते आणि मग उणे दहाची हवा आली म्हणून मलाच ओरडते.

तर असं कर. मुक्ताला पुण्याहून कोट देऊच नकोस. बॅगेतली ती जागा तिला लागेल. दोन लोकरी स्वेटर आणि आतून घालायचे थर्मल तेवढे दे, सुती नकोत, सुती कापड घाम धरून ठेवतं. स्वेटर त्या तिबेटी लोकांकडून घेतलास तरी चालेल. ३ जानेवारीला मी विमानतळावर आमच्या ईशाचा जुना कोट घेऊन उभा असेन, दारातून गाडीपर्यंत तो पुरेल. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊ. नाताळानंतरचे सेल चालू असतील. मोजे घालून चेन ओढायचं काम तिचं, नाक खुपसायचं माझं. तिची उंची कळव, म्हणजे ईशाचा कोट बसेल की नाही ते आधीच बघतो.

वहिनींना नमस्कार. मुक्ताला अनेक आशीर्वाद.

तुझा,
नाना

ता. क. कोट दिला नाही म्हणून बॅगेत जी जागा उरेल, तिच्यावर माझा हक्क आहे. भाकरवडी एक किलो. कमी नको.