घन इंधन जुनाट कसे?

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतील अग्निबाणांवरच्या लेखात घन इंधनाला ‘जुनाट’ म्हटले आहे, ते पटले नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात सुमारे १३८ टन घन इंधन असते आणि जेमतेम दोन मिनिटांत ते जळून जाते. इंधन व ऑक्सिजन पुरवणारे रसायन त्यात एकत्रच कालवलेले. इंधन खेचणारे पंप लागत नाहीत. इंधनाच्या मधोमध ठेवलेल्या पोकळीच्या आकारावर जोर ठरतो. चवथीच्या भुईनळ्यासारखे ते पेटल्यावर थांबवता येत नाही, हे मान्य. म्हणून तर चौथा टप्पा द्रव इंधनाचा: तो बंद करून पुन्हा चालू करता येतो, उपग्रह नेमक्या कक्षेत सोडता येतो. जमिनीवरून उठताना मात्र दांडगा जोर हवा. तिथे घनच सोयीचे. पुरवणीची कात्रणे शाळांच्या फलकावर लागतात, म्हणून हे लिहिले.

— एक विज्ञान शिक्षक, फोंडा