अळीचा अहवाल शेतकऱ्यालाही मिळावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जनुकीय तपासणीवरचा आपल्या दैनिकातला लेख वाचला. माणसाचे पूर्वज, आतड्यातले जिवाणू यांच्यावर सविस्तर लिहिले होते; किडींचा विषय मात्र एका ओळीत संपला. मी त्या ओळीबद्दल लिहितो आहे.

माझ्याकडे सात गाई आहेत. त्यांच्या मुरघासासाठी दरवर्षी दोन एकर मका करतो. २०१८ च्या रब्बीत पोंग्यात लाकडाच्या भुश्यासारखी विष्ठा दिसली, पानांना भोके पडली. दुकानदाराने खोडकिडा म्हणून दिलेले औषध दोनदा फवारले. काही फरक पडला नाही. शेवटी कृषी महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या मुलीने अळी तळहातावर घेऊन तिच्या डोक्यावरचा उलटा ‘वाय’ आणि शेपटीकडचे चौकोनातले चार ठिपके दाखवले. अमेरिकन लष्करी अळी! त्याच वर्षी मे महिन्यात ती कर्नाटकात शिवमोग्ग्याजवळ सापडली होती आणि शास्त्रज्ञांनी जनुक वाचूनही तिची ओळख पक्की केली होती. अळी अगदी लहान असली की या खुणा धड दिसत नाहीत. तेव्हा पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया या भागातल्या एका जनुकाचा डीएनएच्या साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून ती कोण हे सांगता येते.

मुलीने पुढे सांगितलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. या किडीचे दोन प्रकार आहेत, एक मक्यावरचा, दुसरा भात आणि गवतावरचा. दिसायला दोन्ही सारखेच. मायटोकॉन्ड्रियातले जनुक फक्त आईकडून येते. आपल्याकडच्या बऱ्याच अळ्या त्या जनुकावरून भाताच्या ठरतात, दुसरे जनुक वाचले की मक्याच्या. हीच सरमिसळ आफ्रिकेतल्या अळ्यांतही आढळते आणि तिथे ही कीड आपल्या दोन वर्षे आधी, २०१६ मध्ये पोचली होती. गाईंच्या रेतनाची वही ठेवणाऱ्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही: नुसत्या आईच्या नोंदीवरून वासराचे सगळे कळत नाही. त्या एकाच जनुकावर विसंबलो असतो तर मका सोडून भाताचीच काळजी करत बसलो असतो.

औषध न बाधण्यामागचे काही बदलही अळीच्या जनुकांत वाचता येतात. आम्हाला त्याचीच गरज आहे, कारण दोन वाया गेलेल्या फवारण्यांचे पैसे खिशातून जातात, शिवाय मित्रकीटकही मरतात.

२०१९ च्या खरिपात एक पथक माझ्या रानातून अळ्या बाटल्यांत भरून घेऊन गेले. गट नंबर लिहून घेतला, फोन नंबरही घेतला. अजून एक शब्द कळलेला नाही. तपासणी झाली का, त्यांत काय निघाले, काहीच माहीत नाही.

माझी मागणी एवढीच आहे: ज्याच्या शेतातून नमुना नेला त्याला मराठीत चार ओळींचा अहवाल द्यावा. कीड कोणती, प्रकार कोणता, कोणते औषध चालणार नाही. तोच अहवाल कृषी सहायकाकडे आणि ग्रामपंचायतीच्या फलकावरही लागावा, कारण या किडीचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. शेजारच्या तालुक्यालाही अहवाल वेळेत कळायला हवा.

यंदाच्या मक्यातल्या बारा अळ्या मी स्पिरिटमध्ये घालून, तारीख आणि गट नंबर लिहून ठेवल्या आहेत. कोणी तपासणार असेल तर स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक मका उत्पादक
ता. माळशिरस, जि. सोलापूर