नाव नको म्हणणाऱ्या सिस्टरांना

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

माझा पीएच.डी.चा व्हायवा नीट पार पडला, हे फोनवर सांगितलंच. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमचं नाव घालते म्हटलं, तर तुम्ही साफ नकार दिलात. ‘गाइडचं घाल, ग्रंथपालांचं घाल, माझं कशाला?’ म्हणून नाव न घेता हे पत्र लिहिते आहे, आणि तेही चारचौघांत. आता तुमची हरकत चालायची नाही.

माझा विषय पंडिता रमाबाईंचं बायबल भाषांतर. बाईंनी ग्रीक आणि हिब्रू शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, आणि छपाईचं कामही मुक्तीतल्या बायकांनीच केलं. मराठीत एम.ए. केलेल्या माझ्यासारखीला रमाबाई कळतात, पण बायबल अभ्यासतात कसं, हे कोण शिकवणार? ग्रीक येणारं माणूस शोधत मी नागपूरचं सेमिनरी हिल्स गाठलं. तिथे कोणीतरी सदरमधल्या तुमच्या कॉन्व्हेंटचा पत्ता दिला. ‘रिटायर्ड प्रोफेसर आहेत, पण जरा कडक आहेत हं,’ असंही बजावलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मी विचारलं होतं, येशूची शिष्या मरीया मग्दालिया म्हणजे पतित बाई, ही समजूत आली कुठून? तुम्ही उत्तर दिलंच नाही. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या करायची तुमची सवय. तशा तीन चिठ्ठ्या बायबलात घातल्या आणि म्हणालात, मोठ्याने वाच. लूकने लिहिलेल्या येशूचरित्राच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी पापी स्त्री, तिला नावच नाही. आठव्यात मग्दालिया, जिच्यातून सात भुतं निघाली आणि जी इतर बायकांबरोबर पदरचे पैसे खर्चून येशूच्या सोबत फिरली. योहानाच्या बाराव्यात सुगंधी तेल ओतणारी बेथानीची मरीया. कूलरच्या घरघरीत मी घाईघाईने वाचत सुटले, तर तुमचा आवाज आला, ‘वाचून राहिली का नुसती पाहून राहिली?’ केरळहून आलेल्या माणसाच्या तोंडी इतकं अस्सल नागपुरी ऐकून मला हसू आवरेना. पण दुसऱ्यांदा वाचल्यावर दिसलं, की तिघी वेगळ्या आहेत. त्यांची एक बाई केली ती पोप ग्रेगरी यांनी, ५९१ च्या सुमाराच्या प्रवचनात. पुढे शतकानुशतकं चित्रकारांनी तीच रंगवली. रोमच्या, म्हणजे कॅथलिक चर्चच्या, उपासना-पंचांगाने ही गुंतागुंत १९६९ मध्ये सोडवली, आणि २०१६ मध्ये मग्दालियाच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा मिळाला. पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना सांगायला येशूने पाठवलं ते तिलाच. योहानाचा विसावा अध्याय तसं सांगतोच. एवढं सगळं त्या एका दुपारी झालं, आणि माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा पाया तिथेच पडला.

स्वतःबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. जे कळलं ते चहाच्या कपामागून. आधी बी.एड., मग वर्षानुवर्षं आठवी-नववीला गणित. मग वरिष्ठांनी विचारलं, थिऑलॉजी, म्हणजे धर्मशास्त्र, शिकशील का? पुण्याच्या ज्ञानदीप या धर्मशास्त्राच्या संस्थेत गेलात तेव्हा वर्गात बहुतेक सगळे होणारे फादर. बॅचलर, मग लायसन्शिएट, म्हणजे सेमिनरीत शिकवायचा परवानाच म्हणा, आणि मग डॉक्टरेट. नंतर त्याच होणाऱ्या फादरांना तुम्ही नवा करार शिकवलात. पगार सिस्टरांच्या मंडळाच्या खात्यात, बदली म्हटली की बॅग भरायची, आणि ज्या व्यासपीठावरून विद्यार्थी प्रवचन करणार ते तुमच्यासाठी नाही. हे मला ऐकताना टोचत होतं. तुम्ही मात्र बिस्किट बुडवत म्हणालात, ‘परीक्षा मीच घेत होते ना.’

मी हळहळले की तुमच्याकडे इतिहास तयार असायचा. एलेना कोर्नारो पिस्कोपिया या व्हेनिसच्या विदुषीला थिऑलॉजीची डॉक्टरेट हवी होती. बाई म्हणून बिशपनी अडवलं, आणि १६७८ मध्ये पादुआने तिला तत्त्वज्ञानाची दिली. अमेरिकेत सिस्टर मॅडेलीव्हा यांनी १९४३ मध्ये इंडियानातल्या सेंट मेरीज कॉलेजात बायकांसाठी थिऑलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं, कारण इतरत्र दारं बंद होती. आणि तुमची सगळ्यात लाडकी सिस्टर एलिझाबेथ जॉन्सन. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीतून डॉक्टरेट, १९९१ ते २०१८ न्यूयॉर्कच्या फोर्डम युनिव्हर्सिटीत. २०११ मध्ये अमेरिकन बिशपांच्या समितीने त्यांच्या पुस्तकावर जाहीर आक्षेप घेतले, तेव्हा त्यांनी मुद्देसूद लेखी उत्तर दिलं, आणि सिस्टर राहूनच पुढे शिकवत राहिल्या. ‘रागावणं सोपं असतं, तळटिपा लिहायला वेळ लागतो,’ असं तुम्ही म्हणालात. माझ्या प्रबंधातल्या तळटिपा अति झाल्या अशी तक्रार परीक्षकांनी केली, त्याचं खापर मी तुमच्याच माथी फोडणार आहे.

रमाबाई आणि इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्या पत्रव्यवहारावरून आपलं जमलं नाही, ते अजूनही जमलेलं नाही. १८८३ मध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाई प्रत्येक सिद्धांतावर प्रश्न विचारतात, आणि जेराल्डिनबाई त्यांना अधिकार मानायला सांगतात. मला त्या पत्रांत फक्त मोठेपणाचा ताठा दिसला. तुम्ही म्हणालात, बाजू रमाबाईंचीच, पण जेराल्डिनची काळजी खोटी नव्हती. आज्ञापालनाचं व्रत घेतलेल्या बाईला ती पत्रं वेगळी दिसतात. मी तो परिच्छेद दोनदा बदलला, तरी पूर्ण तुमच्या मताचा केला नाही. तुम्ही हस्तलिखित वाचून समासात नुसतं लिहिलंत, ‘चालेल. पुरावा आहे.’ त्या पेन्सिलीच्या तीन शब्दांचं मोल मला पदवीपेक्षा जास्त वाटतं, हे विद्यापीठाला कळवू नका म्हणजे झालं.

माझी येशूवर तुमच्यासारखी श्रद्धा नाही, हे तुम्हाला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. त्यानंतर तो विषय तुम्ही कधी काढला नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

आता एक काम. माझ्याकडे एम.ए.ची एक विद्यार्थिनी आहे, यवतमाळकडची, हुशार आणि भांडखोर. तिला ग्रीक शिकायचं आहे. फी देण्याची ऐपत नाही, आणि तुम्ही घेणारही नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी तासभर पाठवू का? प्रबंधाची प्रत तिच्याच हाती देते. संत्रा बर्फीही देते. तुमच्या साखरेच्या गोळ्यांचं मला माहीत आहे, ती बाकीच्या सिस्टरांसाठी.

आपली,
रमाबाईंवाली, नागपूर